समुद्राचे नवे खोत

दिवाळीपासून नाताळपर्यंतचे आठवडे नाशिकमध्ये सहलींच्या जाहिरातींचे असतात. पूर्वी त्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर येत, आता हातातल्या मोबाइलवर येतात, एवढाच काय तो फरक. त्यांतली एक जाहिरात अलीकडे सुशिक्षितांच्या विशेष पसंतीस उतरली आहे. तारांकित हॉटेल नको, वातानुकूलन नको, दूरचित्रवाणी नको. समुद्रापासून पन्नास पावलांवर माडाच्या झापांनी शाकारलेली साधी झोपडी, दोन माडांना बांधलेला झोपाळा आणि मातीच्या भांड्यातले जेवण, असे तिचे स्वरूप असते. तारकर्ली, देवबाग, भोगवे ही कोकणातली गावे, मांद्रे, आगोंद, पाळोळे ही गोव्यातली, आणि ज्याची ऐपत अधिक त्याच्यासाठी अंदमान किंवा थायलंडची बेटे, अशी ही यादी असते. वकील, डॉक्टर, प्राध्यापक, बागाईतदार हे या झोपडीचे गिऱ्हाईक. त्यांत पुरोगामी चळवळीचे हितचिंतकही थोडे नाहीत. पंचतारांकित चंगळवादाला हा साधेपणाचा पर्याय आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

ही समजूत तपासून पाहणे आता आवश्यक झाले आहे, कारण तिच्या आड किनाऱ्यावर एक मोठे मालमत्तांतर घडत आहे. निवासाचा साधेपणा छपराच्या प्रकारावरून ठरत नसतो. ज्या जागेवर ते छप्पर उभे आहे ती जागा कोणाची, आणि तिचे भाडे शेवटी कोणाच्या पदरात पडते, या दोन प्रश्नांवरून तो ठरतो. हे दोन प्रश्न विचारले की झापांखालचा साधेपणा आणि संगमरवराखालची चैन यांतले अंतर पुष्कळच कमी होते.

'बंगला' हा शब्द या बाबतीत बोलका आहे. बंगालमधील शेतकऱ्याच्या उतरत्या, गवताने शाकारलेल्या घरावरून तो आला. कंपनी सरकारच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी ते घर उचलले, भोवती व्हरांडा आणि प्रशस्त आवार घातले, दारात पट्टेवाला उभा केला, आणि रयतेचे घर साहेबाचा बंगला झाले. घराचा आकार रयतेचा राहिला, मालक तेवढा बदलला. ज्यांनी ते घर पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून घडवले होते, त्यांना त्या आवारात माळी किंवा खानसामा म्हणूनच प्रवेश उरला. समुद्रकिनाऱ्यावर आज जे चालले आहे तो त्याच नाटकाचा पुढचा अंक आहे.

त्याची प्रचीती घेण्यासाठी नाशिककरांना कोकणात उतरण्याचीही गरज नाही. पेठ आणि सुरगाणा या तालुक्यांतील आदिवासींची घरे पाहावीत. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, वर गवत किंवा कौले. सरकारदरबारी अशा घराची नोंद 'कच्चे घर' अशी होते, आणि ते पाडून पक्के घर बांधण्यासाठी १९८५ पासून इंदिरा आवास आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास अशा योजना निघाल्या आहेत. त्या निघाल्या हे योग्यच झाले, कारण पावसाळ्यात गळणाऱ्या घरात मूल वाढवण्यात कसलेही काव्य नाही. त्याच घरातल्या बाया छाटणीच्या आणि खुडणीच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात. हंगाम संपल्यावर बागाईतदार विश्रांतीसाठी किनाऱ्यावर जातो, आणि तेथे थेट तसल्याच घरात राहण्यासाठी एका रात्रीला त्या बाईच्या कित्येक दिवसांच्या मजुरीइतकी रक्कम मोजतो. पेठमध्ये जे 'कच्चे घर', ते तारकर्लीत 'इको हट'. दारिद्र्य जेव्हा सक्तीचे असते तेव्हा ते दारिद्र्यच राहते. दोन रात्रींपुरते ऐच्छिक झाले की त्याला सौंदर्य म्हणतात.

थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली रिकामटेकड्या वर्गाची मीमांसा करताना दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. संपत्ती नुसती असून भागत नाही, ती इतरांना दिसावी लागते, हे त्याचे निरीक्षण. आज त्याला जोड द्यावयास हवी ती दिखाऊ साधेपणाची. ज्याच्याकडे सर्व काही आहे, त्यालाच काही नसल्याचा आनंद विकत घेता येतो.

भाडे कशाचे?

आता या व्यवहाराचे अर्थशास्त्र पाहू जाता एक गोष्ट सहज ध्यानात येते. झोपडी उभी करण्यास लागते काय? बांबू, सुंभ, झाप, चार वासे आणि सुताराची काही दिवसांची मजुरी. माडाची चुडते गावातच मिळतात आणि त्यांचे झाप विणण्याचे काम बायका घरबसल्या करतात. समजा, हीच झोपडी जशीच्या तशी उचलून किनाऱ्यापासून दहा मैल आत, डोंगराच्या पायथ्याशी नेऊन ठेवली. बांबू तोच, झाप तेच, जेवण तेच, यजमानाचा स्वभावही तोच. तिला कोणी निम्मे भाडे तरी देईल काय? देणार नाही. म्हणजे किनाऱ्यावर मिळणाऱ्या भाड्याचा मोठा हिस्सा झोपडीचा नव्हे, ते भाडे समुद्राचे आहे. लाटांचा आवाज, मोकळी वाळू, मावळतीचे तांबडे आकाश यांची ती किंमत आहे, आणि यांपैकी काहीही झोपडीच्या मालकाने निर्माण केलेले नाही.

रिकार्डोने १८१७ साली जमिनीच्या खंडाचा सिद्धांत मांडला तो हाच. श्रमाने किंवा भांडवलाने जे निर्माण होत नाही, निव्वळ जागेच्या निसर्गदत्त गुणामुळे आणि तिच्या दुर्मीळतेमुळे जे उत्पन्न पदरात पडते, तो खंड. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली त्यात भर घातली. काही वस्तूंचे मोल इतरांना त्या मिळत नाहीत यावरच अवलंबून असते. शांत किनारा ही अशी वस्तू आहे. सर्वांनी तेथे गर्दी केली की शांतता संपते. म्हणून बाजार ती किमतीच्या कुंपणाने राखतो. ज्याच्याजवळ पैसा त्याच्यासाठी शांतता, आणि उरलेल्यांसाठी चौपाटीवरची रेटारेटी. किनारा वाढवता येत नाही. पूर्वापार मोजणीप्रमाणे महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरांचा आहे, त्यात सिंधुदुर्गाचा वाटा १२१ किलोमीटरांचा. मागणी वाढली म्हणून कारखान्यात जादा पाळी लावून त्यात आणखी एका किलोमीटराची भर घालता येणार नाही. अशा मर्यादित निसर्गसंपत्तीच्या तोंडाशी जो जागा धरून बसतो, तो इतरांच्या इच्छेवर कर बसवतो.

कोकणाला अशा माणसाची ओळख नवी नाही. त्याचे नाव खोत. सरकार आणि कूळ यांच्या मधोमध तो बसलेला असे. सरकारात ठरलेला सारा भरावयाचा आणि कुळाकडून त्याहून कितीतरी अधिक उकळावयाचे, हा त्याचा धंदा. नांगर कुळाचा, घाम कुळाचा, मळणीला मात्र वाटा खोताचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांनी विधिमंडळावर मोर्चा नेला, आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती कागदावर संपली. भातशेतीवरची खोती गेली. आज समुद्रावरची खोती बसत आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, सिंधुदुर्ग त्याच्या आदल्या वर्षी पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला होता, रस्ते रुंदावले, आणि ज्या खारवट, वाळूच्या जमिनीला भावकीतही कोणी विचारत नसे तिचे भाव चढले. मुंबई, पुणे, नाशिक येथल्या, कोठे तरी वडिलोपार्जित सात-बारा असलेल्या माणसाने शेतकरी म्हणून ती घ्यावी, झापांच्या पाच-सहा खोल्या उभ्या कराव्यात, गावातल्याच एका तरुणाला देखरेखीस ठेवावे आणि स्वतः शहरात बसून खंड वसूल करावा, हे दृश्य आता सर्वपरिचित आहे. खोत निदान गावात राहत असे. नवा खोत गावात पाहुणा म्हणूनच येतो.

किनारा मोकळा पडून नव्हता

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते. किनारा पूर्वी ओसाडच होता, तेथे चार झोपड्या उभ्या राहिल्या तर कोणाचे काय गेले? किनाऱ्याला ओसाड म्हणणारा माणूस तेथे पहाटे गेलेला नसतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते, तेव्हा मैलभर वाळू कामाची जागा असते. होडीतून लांबच लांब जाळे समुद्रात अर्धगोलाकार सोडावयाचे, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर आणावयाचे आणि दोन्ही बाजूंनी डझनावारी माणसांनी ते ओढत आणावयाचे, अशी ही सामुदायिक मासेमारी. जाळ्यात आलेल्या मासळीचे वाटे पडतात आणि दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो. सहकाराचा कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्याने जपलेला हा सहकार आहे. त्याच वाळूवर मासळी सुकते, जाळी विणली जातात, पावसाळ्यात होड्या ओढून झाकल्या जातात. या जागेवर मच्छीमाराचा वापराचा हक्क आहे, पण नावावर उतारा नाही. आणि कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न तर वर्षानुवर्षे लोंबकळत आहे. ज्याची वहिवाट आहे त्याच्याजवळ कागद नाही, ज्याच्याजवळ कागद आहे त्याची वहिवाट नाही, ही किनाऱ्यावरची खरी विषमता होय.

वाळूचे टेकाडही निरुपयोगी नसते. त्यावर पसरणाऱ्या वेलीला कोकणात मर्यादावेल म्हणतात, आणि हे नाव देणाऱ्यांना कळत होते की समुद्राची मर्यादा कोठे संपते. ती वेल वाळू धरून ठेवते, ते टेकाड वादळी भरतीला थोपवते. झोपडीसमोर मोकळी वाळू दिसावी म्हणून आधी वेल उपटली जाते, मग टेकाड सपाट होते, मग समुद्र आत आला की सरकारी खर्चाने दगडी बंधारा मागितला जातो. पाण्याचेही तेच. वाळूखालचे गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा एक पातळ थर असतो. शास्त्राच्या ढोबळ हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली की खालचे खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकते. दहा खोल्यांच्या न्हाणीघरांसाठी पंप चालू झाला की शेजारच्या मच्छिमारणीची विहीर मचूळ होते. तिच्या विहिरीची नुकसानभरपाई झोपडीच्या बिलात कोठेही लावलेली नसते.

या किनाऱ्याचे रक्षण व्हावे ही जाणीव राज्यकर्त्यांना नव्हती असे नाही. १९८१ च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरांचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. १९९१ साली पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बांधकामास बंद झाले. तेव्हापासूनचा इतिहास हा ती रेघ मागे ढकलण्याचा इतिहास आहे. १९९४ साली हॉटेलधंद्याच्या आग्रहाने ती शिथिल करण्याचा प्रयत्न झाला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली हाणून पाडला. पण २०१९ च्या अधिसूचनेने जे हवे होते ते साधले. ज्या ग्रामीण किनाऱ्यावर दर चौरस किलोमीटरला लोकवस्ती २,१६१ हून अधिक आहे, तेथे २०० मीटरांचे ५० मीटर झाले. आणि किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या पर्यटन-सुविधांना भरतीरेषेपासून अवघ्या १० मीटरांवर उभे राहण्याची वाट मिळाली. 'तात्पुरते' या एका शब्दात हा सारा खेळ आहे. झापांची झोपडी पक्की नसते, म्हणून ती निरुपद्रवी मानली जाते. परंतु दरवर्षी पावसाळ्यानंतर त्याच जागी, त्याच माणसाने, त्याच भाड्याने उभारलेली तात्पुरती झोपडी दहा वर्षांत पक्क्या हक्काला जन्म देते. काँक्रीट उघडपणे आक्रमण करते. झाप दबक्या पावलांनी करतो.

गोव्याचा धडा

हे केवळ तर्काने मांडलेले भय नाही. गोव्याने हा सर्व प्रवास पूर्ण केला आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस कळंगुट, हणजूण येथे परदेशी तरुण उतरू लागले, तेव्हा ते गावकऱ्यांच्याच घरात खोली घेऊन राहत. भाडे थोडे, पण ते थेट घरमालकिणीच्या हाती पडे. १९८७ साली युरोपातून थेट विमाने येऊ लागली आणि खोलीची जागा हॉटेलांनी घेतली. त्याच वर्षी गोव्यात 'जागृत गोंयकारांची फौज' उभी राहिली आणि तिने या बड्या पर्यटनाला रस्त्यावर उतरून विरोध केला. त्याआधी सत्तरच्या दशकात रांपणकारांनी यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध दिलेला लढा सर्वश्रुत आहे. १९८० साली गोव्यात आणि १९८१ साली महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमनाचे कायदे झाले, त्यांमागे अशा लढ्यांचे बळ होते. समुद्रातून ट्रॉलर आणि किनाऱ्यावरून हॉटेल, अशा कात्रीत सापडलेला रांपणकार आपल्याच गावात पाहुण्यांचे सामान वाहू लागला.

हॉटेलांना कंटाळलेला शहरी माणूस मग दक्षिणेकडे, काणकोण तालुक्यातल्या पाळोळे-आगोंदकडे वळला आणि बांबूच्या झोपड्यांचे युग सुरू झाले. सुरुवातीस त्या स्थानिक कुटुंबांच्या होत्या. हंगाम फायद्याचा ठरू लागताच जागा वर्षाच्या कराराने बाहेरच्या भांडवलाकडे गेली. परवाना गावकऱ्याच्या नावाने आणि गल्ला दुसऱ्याच्या हाती, हा प्रकार किनाऱ्यावरच्या शॅकांत इतका रूढ झाला की पोटभाड्याला मनाई ही सरकारी धोरणातली अट करावी लागली. ज्या आगोंद, गालजीबाग, मोरजी, मांद्रे या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात, तेथे रात्रीचे दिवे आणि संगीत यांच्याशी वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना झगडावे लागते. साधी झोपडी हॉटेलाला पर्याय ठरली नाही. हॉटेल जेथे पोचू शकत नव्हते तेथली वाट तिने त्याला दाखवून दिली. थायलंडच्या बेटांवरही क्रम हाच होता. आधी बांबूचे स्वस्त बंगले, नंतर विमानतळ, शेवटी तारांकित निवास. गर्दीने प्रवाळ मरू लागले तेव्हा २०१८ साली तेथील माया बे हा प्रसिद्ध किनारा सरकारला बंदच करावा लागला, तो २०२२ साली पुन्हा उघडला.

लक्षद्वीपने तर या धोरणाचा मुखवटाच दूर केला. २०२१ साली तेथल्या प्रशासनाने किनाऱ्यालगतच्या मच्छीमारांच्या शेड अतिक्रमण ठरवून पाडल्या. होड्या, जाळी, इंजिने ठेवण्याच्या त्या जागा होत्या. दुसरीकडे मिनिकॉय, सुहेली, कडमत या बेटांवर उथळ पाण्यात खांबांवर पर्यटकांचे आलिशान निवास बांधण्याच्या योजना त्याच सरकारने पुढे रेटल्या. किनाऱ्यावर झोपडी असावी की नसावी, असा प्रश्न तेथे नव्हताच. झोपडीत जाळे ठेवले तर ती बेकायदा आणि पाहुणा ठेवला तर ती विकास, एवढाच त्या धोरणाचा अर्थ आहे.

न्यायालयांनी मात्र याहून वेगळे तत्त्व सांगून ठेवले आहे, आणि चळवळीने त्याचा पुरेसा उपयोग केलेला नाही. व्यास नदीच्या प्रवाहात हस्तक्षेप करणाऱ्या एका हॉटेलाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डिसेंबरात सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व भारतीय कायद्यात रुजवले. नद्या, जंगले, समुद्रकिनारा यांचे राज्यसंस्था ही मालक नाही, ती लोकांच्या वतीने विश्वस्त आहे. गोव्यात दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट एका हॉटेलाने अडवली, तेव्हा २००९ साली त्याच न्यायालयाने लोकांचा वाटेचा हक्क उचलून धरला. तेव्हा समुद्राचा खंड हा विश्वस्त निधी आहे, आणि तो खाजगी खिशात घालणारा लोकांच्या ठेवीवर हात मारतो, असे म्हणण्यास कायद्याचाही आधार आहे.

कोकणाच्या जनतेने हेच तत्त्व कायद्याच्या पुस्तकाविना ओळखले होते. १९३० च्या मे महिन्यात ज्या शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला, तेथे प्रश्न चिमूटभर मिठाचा नव्हता. समुद्राने सर्वांना फुकट दिलेल्या वस्तूवर मक्ता कोणाचा, हा होता. मिठावरचा मक्ता ज्या किनाऱ्याने मानला नाही, त्याने वाळूवरचा मक्ता निमूट मानावा काय?

रोजगाराचा मुद्दा

पर्यटनाने रोजगार मिळतो, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार युक्तिवाद. तो उडवून लावण्यासारखा नाही. कोकणातल्या तरुणाने मुंबईच्या चाळीत गिरणी संपेपर्यंत राहावे आणि गिरणी संपल्यावर रिकाम्या हाताने परतावे, हा अनुभव ताजा आहे. पण कोणता रोजगार? झोपड्यांच्या धंद्यात काम सहा-सात महिन्यांचे असते, नेमणूक बहुधा तोंडी असते, भविष्यनिर्वाह निधी व विमा यांचे नावही निघत नाही. मालकाला गावच्या तरुणापेक्षा नेपाळ, ओडिशा, झारखंडचा तरुण सोयीचा वाटतो; कारण तो रात्रीही तेथेच झोपतो आणि त्याच्या पाठीशी गाव उभा राहत नाही. गावकऱ्याची जमीन, परप्रांतीय मजुराची मेहनत आणि शहरी मालकाचा खंड, अशी ही विभागणी आहे. यात परप्रांतीय मजुराविरुद्ध ओरड करणे हे मालकाचेच काम करणे होय. दोघांचेही भांडण खंडाशी असले पाहिजे.

आणि पर्याय नाही असेही नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी २००२ पासून समुद्री कासवांच्या घरट्यांचे रक्षण गावकऱ्यांच्या सहभागाने सुरू झाले. पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास लोक येऊ लागले, तेव्हा वाळूवर झोपड्या न उभारता गावकऱ्यांनी आपल्या घरांच्या ओट्या आणि माजघरे पाहुण्यांना दिली. घरचे जेवण, घरचे अंथरूण आणि पैसा घरातल्या बाईच्या हाती. हंगाम थोडा आहे, उत्पन्न मर्यादित आहे. परंतु किनारा कासवांचा आणि गावाचा राहिला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्त्रियांचा बचत गट कांदळवनाची सफर घडवतो. केरळात कुमरकोमला हॉटेलांना लागणारा भाजीपाला कुटुंबश्रीच्या स्त्रीगटांकडून घेण्याचा प्रयोग पंचायतीने केला. २०१९ च्या ज्या अधिसूचनेवर वर टीका केली, तिनेही किनारी समाजाला आपल्या असलेल्या घरात पाहुणे ठेवण्याची मुभा दिली आहे. पाहुण्याला छप्पर द्यावयाचे तर ते गावात देता येते, त्यासाठी वाळू विकावी लागत नाही, एवढे यावरून सिद्ध होते.

विश्रांती कोणाची?

आता थोडे आपल्याच छावणीकडे वळावयास हवे. पर्यटन हा चैनीचा विषय, कष्टकऱ्यांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे म्हणणारे कार्यकर्ते आहेत. ही भूमिका कडवी दिसते, पण ती समाजवादी नाही. विश्रांती हा श्रमिकाचा हक्क आहे. फ्रान्समध्ये १९३६ साली लोकआघाडीचे सरकार आले, तेव्हा कामगारांनी कारखाने ताब्यात घेऊन जे मिळवले त्यात दोन आठवड्यांची पगारी रजा होती. स्वस्त रेल्वे तिकिटे काढून त्या उन्हाळ्यात हजारो कामगारांनी आयुष्यात प्रथमच समुद्र पाहिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने त्याच वर्षी पगारी रजेचा करार संमत केला, आणि १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात चोविसाव्या कलमाने विश्रांती व नियतकालिक पगारी सुटी यांना मानवी हक्काचे स्थान दिले.

नाशिकमध्ये या हक्काची स्थिती काय? नाशिकरोडच्या सरकारी मुद्रणालयातल्या कायम कामगाराला रजा आहे, प्रवास-सवलत आहे. ती त्याने लढून मिळवली. पण सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराला ठेकेदार बदलला की सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजावी लागते. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा दिली. २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेने ती अट १८० दिवसांवर आणली. कागदावर ही सुधारणा आहे, परंतु ज्याची हजेरीच कोणाच्या पुस्तकात नाही त्याला तिचा उपयोग काय? सिन्नरची विडी कामगार स्त्री, लासलगावच्या बाजार समितीतला हमाल, द्राक्षबागेतली मजूर बाई यांनी सुटी घेतली म्हणजे त्या दिवशी चूल पेटण्याची पंचाईत. त्यांच्या दृष्टीने समुद्र चारशे मैलांवर नाही, तो एका पगारी आठवड्याच्या अंतरावर आहे, आणि तो आठवडा त्यांना कोणी दिलेला नाही. ज्या नाशिकच्या तुरुंगात १९३२-३३ साली जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, ना. ग. गोरे, दांतवाला यांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना आकाराला आली, त्या शहरातल्या कार्यकर्त्यांनी तरी विश्रांतीचा प्रश्न श्रीमंतांच्या स्वाधीन करू नये.

राज्याने १९७५ साली पर्यटन विकास महामंडळ स्थापले ते सामान्य माणसाला परवडेल असा निवास मिळावा, अशा अपेक्षेने. गणपतीपुळे, तारकर्ली येथले महामंडळाचे कोकणी पद्धतीचे निवास हा त्या अपेक्षेचाच एक भाग. महामंडळाच्या मालमत्ता खाजगी भागीदारीत देण्याचे धोरण सरकारने २०२० साली स्वीकारले. म्हणजे सार्वजनिक जागेवर, सार्वजनिक पैशाने उभे राहिलेले निवासही आता खंड वसूल करणाऱ्यांच्या वाटेवर आहेत. याविरुद्ध कोकणातून जेवढा आवाज उठावा तेवढाच नाशिक, मालेगाव, इचलकरंजीतूनही उठला पाहिजे, कारण त्या खोल्या तेथल्या कामगारांच्याही आहेत.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. कोळीवाडे व मच्छीमार वस्त्यांचे सीमांकन पूर्ण होऊन जागा त्यांच्या नावावर लागल्याशिवाय किनाऱ्यावर एकाही नव्या पर्यटन-झोपडीला परवाना देऊ नये. त्यानंतरचा परवाना ग्रामसभेच्या आणि मच्छीमार सहकारी संस्थेच्या संमतीने, गावात राहणाऱ्या कुटुंबाला किंवा त्यांच्या सहकारी संस्थेलाच मिळावा. पोटभाडे आढळल्यास तो रद्द व्हावा. समुद्राकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेची आणि रापण ओढण्याच्या प्रत्येक जागेची गावनकाशावर नोंद व्हावी. किनाऱ्यावरील निवासांवर उपकर बसवून तो ग्रामपंचायतीने विहिरी, मैला-व्यवस्था आणि वाळूच्या टेकाडांचे रक्षण यांवरच खर्चावा. महामंडळाचे निवास सार्वजनिक राहावेत, आणि त्यांतला ठराविक हिस्सा असंघटित कामगारांच्या कल्याण मंडळांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावा. आणि या सर्वांच्या आधी, कंत्राटी व असंघटित कामगाराची पगारी रजा कागदावरून त्याच्या हातात यावी.

हितचिंतकांपुरते बोलावयाचे तर त्यांनी समुद्रावर जाऊच नये, असे कोणी म्हणत नाही. त्यांनी जरूर जावे. मात्र झोपडीच्या दारात उभे राहून छपराचे कौतुक करण्याआधी जागेचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे, विहिरीचे पाणी शेजाऱ्याला पुरते काय, ताट वाढणाऱ्या मुलाला पगार किती मिळतो, आणि पहाटे रापण ओढावयास येथे कोणी येत असे काय, एवढे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक असतील तर तो साधेपणा खरा. नसतील, तर त्यांनी मोजलेला पैसा विश्रांतीचा नसून खोतीचा हप्ता आहे, आणि १९४९ साली कायद्याने संपवलेली खोती आपल्याच सुटीच्या पैशाने ते पुन्हा उभी करीत आहेत.